आज्ञावलीतील वारसा

मनुष्याजवळ वस्तू वाढल्या म्हणजे तो त्यांचे वर्गीकरण करू लागतो. वनस्पतिशास्त्रज्ञ आंबा, काजू आणि बिब्बा ह्या दिसावयास भिन्न असलेल्या वृक्षांना एकाच कुलात स्थान देतात. ग्रंथपाल हजारो ग्रंथ विषयवार लावून ठेवतो. वर्गीकरणाचा हेतू केवळ नीटनेटकेपणा हा नसतो. कुलाचे लक्षण एकदा सांगितले म्हणजे ते त्यातील प्रत्येक वनस्पतीच्या वर्णनात पुन्हा लिहावे लागत नाही. जे सर्वांस समान आहे ते वरच्या पायरीवर एकदाच लिहावयाचे आणि जे एकेकाचे स्वतःचे आहे तेवढेच खालच्या पायरीवर नोंदवावयाचे, अशी ही काटकसर आहे.

संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हीच युक्ती हाती घेतली. तिला इंग्रजीत इनहेरिटन्स हे नाव पडले; मराठीत आपण तिला वारसा म्हणू. आज वापरात असलेल्या अनेक प्रमुख संगणकभाषांत ही सोय आहे आणि संगणकाचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला तिची ओळख लवकरच होते. वारशामुळे श्रम वाचतात, असे त्याला सांगितले जाते. ते खरे आहे. परंतु ते अर्धेच सत्य होय. ज्याला वारसा मिळतो त्याच्यावर पूर्वजाने दिलेली वचने पाळण्याचे ओझेही येते. हे दुसरे अर्धे सत्य ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळ आज्ञावल्या बिघडल्या आहेत. प्रस्तुत लेखात ह्या दोन्ही बाजूंचा विचार करावयाचा आहे.

वस्तू आणि वर्ग

संगणकाने क्रमाक्रमाने पार पाडावयाच्या सूचनांचा संच म्हणजे आज्ञावली. प्रारंभीच्या आज्ञावल्यांत माहिती एकीकडे आणि तिच्यावर करावयाच्या क्रिया दुसरीकडे, अशी मांडणी सामान्यतः असे. आज्ञावली लहान असेपर्यंत ह्यात अडचण येत नसे. ती मोठी झाली म्हणजे मात्र कोणती क्रिया कोणत्या माहितीला हात लावते, हे ध्यानात ठेवणे कठीण होई. वस्तुकेंद्री पद्धतीत माहिती आणि तिच्यावरील क्रिया एकाच ठिकाणी बांधलेल्या असतात. अशा गाठोड्याला वस्तू म्हणतात आणि एकाच जातीच्या वस्तूंचा जो समान आराखडा असतो त्याला वर्ग म्हणतात.

एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाचा व्यवहार संगणकावर आणावयाचा आहे, असे समजू. 'पुस्तक' हा वर्ग झाला. कपाटात असलेली प्रत्येक प्रत ही त्या वर्गाची एकेक वस्तू झाली. कार्यालयातील छापील अर्जाचा कोरा नमुना आणि भरलेले अर्ज ह्यांच्यात जे नाते असते, तेच वर्ग आणि वस्तू ह्यांच्यात असते. भेद इतकाच की, ही वस्तू भरलेल्या अर्जासारखी मुकी नसते. तिला परतीची तारीख विचारली तर ती सांगते आणि वाचकाच्या नावे स्वतःची नोंद करावयास सांगितले तर तीही करते.

ऑस्लो येथील आरंभ

ह्या विचारसरणीचा उगम नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथे झाला. तेथील नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटर ह्या संस्थेत क्रिस्टेन न्यूगॉर आणि ओले-योहान डाल ह्या दोन शास्त्रज्ञांनी १९६२ पासून सिम्युला नावाच्या संगणकभाषेवर काम केले. प्रत्यक्ष जगातील गुंतागुंतीच्या व्यवहारांचे प्रतिरूप संगणकात उभे करून त्यांचा अभ्यास करणे, हा त्यांचा मूळ उद्देश होता. बंदरात येणारी जहाजे, कारखान्यातील यंत्रांपुढे साचणारा माल, खिडकीपुढे तिष्ठणारी गिऱ्हाइके ह्या सर्वांत एक गोष्ट समान असते. ती म्हणजे रांग.

जहाज आणि गिऱ्हाईक ह्यांच्यात दुसरे काहीही साम्य नाही. जहाजाला वजन व माल आहे, तर गिऱ्हाइकाला काम व घाई आहे. तरीही रांगेत आपल्या पुढे कोण आणि मागे कोण हे दोघांनाही ठाऊक असावे लागते. ही रांगेची विद्या प्रत्येक वर्गात वेगवेगळी लिहीत बसावी काय? १९६७ च्या सिम्युलाने ह्या प्रश्नाला सुटसुटीत उत्तर दिले. तिच्यात 'लिंक' नावाचा एक तयार वर्ग ठेवलेला होता. रांगेत शिरणे आणि रांगेतून निघणे एवढेच त्या वर्गाला येत असे. नवा वर्ग लिहिताना त्याच्या आरंभी 'लिंक' हा उपसर्ग जोडला की ते कौशल्य नव्या वर्गाच्या अंगी येई. धातूला उपसर्ग लावून आपण नवा शब्द घडवितो, त्याची आठवण करून देणारी ही रचना होती. तिचे नावही उपसर्ग ह्याच अर्थाचे होते.

मे १९६७ मध्ये ऑस्लोजवळील लिसेबू येथे भरलेल्या परिषदेत डाल व न्यूगॉर ह्यांनी वर्ग आणि उपवर्ग ह्यांवरील आपला निबंध सादर केला. नोंदींचे वर्ग व उपवर्ग ह्यांविषयी ब्रिटिश शास्त्रज्ञ टोनी होर ह्यांनी मांडलेल्या कल्पनांचा त्यांना उपयोग झाला होता. पुढे अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ॲलन के आणि त्यांचे सहकारी ह्यांनी स्मॉलटॉक ही भाषा घडविली. तिच्या १९७२ च्या रूपात वारसा नव्हता. १९७६ च्या रूपात तो आला. केंब्रिज येथे सिम्युला वापरलेल्या ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप ह्यांनी १९७९ मध्ये बेल प्रयोगशाळेत ज्या भाषेचे काम आरंभिले, ती पुढे सी प्लस प्लस ह्या नावाने प्रसिद्ध झाली. १९९५ मध्ये जावा ही भाषा जाहीर झाली आणि वारशाची कल्पना घरोघर पोहोचली. डाल व न्यूगॉर ह्यांना २००१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. दोघेही २००२ मध्ये निवर्तले.

वारसा कसा चालतो

आता आपल्या ग्रंथालयाकडे वळू. तेथे पुस्तके आहेत, नियतकालिके आहेत आणि नकाशेही आहेत. ह्या सर्वांना दाखल क्रमांक, शीर्षक आणि कपाटातील स्थान असते. म्हणून 'संग्रहवस्तू' असा एक वर्ग करून ह्या तीन गोष्टी त्यात एकदाच लिहाव्यात. त्याचप्रमाणे 'वाचकाला देणे', 'परत घेणे' आणि 'परतीची तारीख सांगणे' ह्या क्रियाही तेथेच लिहाव्यात. हा झाला मूळ वर्ग. 'पुस्तक' हा त्याचा उपवर्ग. त्यात लेखकाचे नाव व पृष्ठसंख्या एवढीच भर घालावयाची. 'नियतकालिक' हा दुसरा उपवर्ग; त्यात अंकाचा क्रमांक व महिना एवढेच नवीन.

एखाद्या पुस्तकाला त्याचा दाखल क्रमांक विचारला तर काय घडते? 'पुस्तक' ह्या वर्गात त्या क्रियेचा उल्लेख नाही. तेव्हा शोध एक पायरी वर चढतो आणि मूळ वर्गात ती क्रिया सापडते. स्मॉलटॉकमध्ये शोधाचा क्रम असाच खालून वर जाणारा आहे. सी प्लस प्लससारख्या भाषेत प्रत्येक वेळी शोध करावा लागू नये म्हणून, उपवर्गात बदलता येतील अशा क्रियांचे पत्ते लिहिलेला एक तक्ता वर्गागणिक आधीच तयार करून ठेवण्याची पद्धत आहे. मार्ग कोणताही असो, फळ एकच: जे स्वतःजवळ नाही ते पूर्वजाकडून मिळते.

सामान्य नियम व अपवाद

पूर्वजाकडून मिळालेली प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी स्वीकारली पाहिजे असे नाही. मूळ वर्गाने परतीची मुदत १४ दिवसांची ठरविली असेल आणि नियतकालिक मात्र ३ दिवसांत परत यावे अशी ग्रंथालयाची इच्छा असेल, तर 'नियतकालिक' ह्या उपवर्गात ती एकच क्रिया नव्याने लिहावी. शोध खालून वर जात असल्यामुळे प्रथम उपवर्गातील क्रिया सापडते आणि मूळ वर्गातील क्रिया बाजूला राहते. हिला पुनर्व्याख्या म्हणतात.

शाळेत संधी शिकलेल्या वाचकाला ही रीत परकी वाटणार नाही. इ ह्या स्वरापुढे दुसरा स्वर आला म्हणजे इ चा य होतो. म्हणून इति आणि आदि मिळून इत्यादि होते. परंतु पुढेही इ किंवा ई असेल, तर दोहोंचा मिळून दीर्घ ई होतो. म्हणून गिरि आणि ईश मिळून गिरीश होते. पहिला नियम सामान्य, दुसरा त्याचा अपवाद. आणि अपवाद आला म्हणून सामान्य नियम खोडावा लागत नाही. पाणिनीच्या व्याकरणात ह्यांना उत्सर्ग व अपवाद म्हणतात. तेथे आधीच्या सूत्रातील शब्द पुढील सूत्रांत न लिहिताही चालू राहतात. त्याला अनुवृत्ती असे नाव आहे. ह्यावरून पाणिनीच्या काळी संगणकशास्त्र होते असा निष्कर्ष काढणे अर्थातच हास्यास्पद होईल. मोठा नियमसमूह थोडक्यात बसवावयाचा असला म्हणजे मानवी बुद्धी एकाच प्रकारच्या युक्त्यांकडे वळते, एवढेच ह्यातून दिसते.

ह्या व्यवस्थेचा खरा लाभ पुढे आहे. मुदत उलटून गेलेल्या वस्तूंची यादी करणारी एक आज्ञावली ग्रंथालयात आहे. ती प्रत्येक संग्रहवस्तूला परतीची तारीख विचारते. समोरची वस्तू पुस्तक आहे की नियतकालिक, हे तिला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. प्रत्येक वस्तू आपापल्या रीतीने उत्तर देते. पुढच्या वर्षी 'नकाशा' हा नवा उपवर्ग आला, तरी यादी करणाऱ्या आज्ञावलीचे एक अक्षरही बदलावे लागत नाही. काल लिहिलेली आज्ञावली आज जन्मलेल्या वर्गाशी व्यवहार करू शकते.

शब्द किती ताणावा

वारसा हा शब्द सोयीचा आहे. पण उपमा म्हणूनच तो घ्यावा. कुटुंबातील वारसा पूर्वजाच्या मृत्यूनंतर मिळतो आणि तो वाटला गेला की प्रत्येकाचा हिस्सा कमी होतो. आज्ञावलीत पूर्वज जिवंतच असतो आणि शंभर वारस झाले तरी त्याचे काही उणे होत नाही. जीवशास्त्रातील आनुवंशिकतेशीही ह्याचे साम्य वरवरचे आहे. मुलाचा जन्म झाल्यानंतर पित्याने नवी विद्या संपादन केली, तर ती मुलाच्या अंगी आपोआप उतरत नाही. येथे मात्र मूळ वर्गात आज केलेला बदल सर्व उपवर्गांत तत्काळ किंवा आज्ञावली पुन्हा सिद्ध केल्याबरोबर उतरतो. बदल हितकारक असेल तर सर्वांचे हित होते. सदोष असेल तर दोषही सर्वांच्या वाट्याला येतो.

वचनाचा प्रश्न

आता त्या दुसऱ्या अर्ध्या सत्याकडे येऊ. ग्रंथालयात शब्दकोश आणि विश्वकोश असतात. त्यांना दाखल क्रमांक आहे, शीर्षक आहे, स्थान आहे; म्हणून 'संदर्भग्रंथ' हा 'संग्रहवस्तू'चा उपवर्ग करावा असे सहज वाटते. परंतु संदर्भग्रंथ घरी देता येत नाही. मग 'वाचकाला देणे' ह्या क्रियेची पुनर्व्याख्या करून तेथे नकार लिहिला जातो. वरवर पाहता प्रश्न सुटला.

पण प्रश्न सुटलेला नाही; तो दुसरीकडे गेला आहे. खेड्यातील शाळेसाठी वीस संग्रहवस्तूंची पेटी भरून देणारी एक आज्ञावली आधीपासून चालू आहे. प्रत्येक संग्रहवस्तू वाचकाला देता येते, ह्या मूळ वर्गाच्या शब्दावर विसंबून ती लिहिलेली आहे. तिच्यापुढे संदर्भग्रंथ येताच काम मध्येच थांबते. तिच्या लेखकाने काहीही चूक केलेली नव्हती. ज्याने तिला न विचारता वारस म्हणून प्रवेश केला आणि पूर्वजाचे वचन मोडले, दोष त्याचा होय.

मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेतील बार्बरा लिस्कोव्ह ह्यांनी १९८७ मधील एका व्याख्यानात ह्या प्रश्नाकडे लक्ष वेधले आणि १९९४ मध्ये जेनेट विंग ह्यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्याची काटेकोर मांडणी केली. त्यांच्या तत्त्वाचा आशय असा: मूळ वर्गाच्या वस्तूंवर विसंबून लिहिलेल्या आज्ञावलीला त्या जागी उपवर्गाची वस्तू दिली, तरी तिचा विश्वास खोटा ठरता कामा नये. मूळ वर्गाने जेवढे मागितले त्याहून अधिक उपवर्गाने मागू नये. त्याने जेवढे देऊ केले त्याहून कमी उपवर्गाने देऊ नये. लिस्कोव्ह ह्यांना २००८ चा ट्युरिंग पुरस्कार देण्यात आला.

ह्या कसोटीवर नियतकालिकाची ३ दिवसांची मुदत कशी उतरते? त्याचे उत्तर मूळ वर्गाने काय कबूल केले होते ह्यावर अवलंबून आहे. आजच्या नंतरची एखादी तारीख सांगितली जाईल, एवढेच वचन असेल तर ते पाळले गेले. वाचकाला निदान १४ दिवस मिळतील असे वचन असेल तर ते मोडले. तात्पर्य, वचन नेमके काय आहे ते मूळ वर्गाच्या लेखकाने स्पष्ट लिहून ठेवणे अगत्याचे असते. संदर्भग्रंथाच्या बाबतीत मूळ वर्गाने आवाक्याबाहेरचे वचन दिले, हाच मूळ दोष आहे. 'वाचकाला देणे' ही क्रिया तेथून काढून, खालच्या पायरीवर 'देय वस्तू' असा एक उपवर्ग करावा. पुस्तक व नियतकालिक त्याच्याखाली जातील आणि संदर्भग्रंथ सरळ संग्रहवस्तूखाली राहील. शाळेची पेटी भरणारी आज्ञावली मग केवळ देय वस्तूच मागेल.

अशी चूक नवशिक्यांच्याच हातून घडते असे नाही. जावा ह्या भाषेच्या पहिल्या आवृत्तीपासून तिच्या प्रमाणसंग्रहात 'स्टॅक' नावाचा एक वर्ग आहे. स्टॅक म्हणजे ताटांची चवड. नवे ताट वर ठेवावयाचे आणि काढताना वरचेच काढावयाचे, हा तिचा धर्म. परंतु हा वर्ग 'व्हेक्टर' ह्या यादीसारख्या वर्गाचा उपवर्ग केला गेला. यादीत कोठेही वस्तू घुसविता येते. म्हणून चवडीच्या मध्येही ताट सरकविण्याची मुभा वारशाने मिळाली. घेतलेला वारसा नाकारता येत नाही आणि जुन्या आज्ञावल्या त्यावर उभ्या असल्यामुळे तो सहजासहजी काढूनही टाकता येत नाही. त्या भाषेचे अधिकृत मार्गदर्शन आता ह्या कामासाठी 'डेक' नावाची दुसरी योजना वापरावयास सांगते. 'स्टॅक' मात्र आपल्या जागी कायम आहे.

पूर्वज बदलला म्हणजे

वचन उपवर्गच मोडतो असे नाही. 'नियतकालिक' ह्या वर्गाच्या लेखकाने 'बाद करणे' ही क्रिया स्वतः लिहिली होती. जुने अंक मांडणीवरून उचलून कोठारात ठेवणे, असा तिचा अर्थ. दोन वर्षांनी मूळ वर्गाच्या लेखकाने हेच नाव देऊन एक नवी क्रिया लिहिली. हरवलेली वस्तू दाखल नोंदवहीतून कायमची खोडणे, असा तिचा अर्थ. दोघांनी एकमेकांचे लिखाण पाहिलेले नाही. वार्षिक मोजदाद करणारी आज्ञावली हरवलेल्या अंकाला बाद होण्यास सांगते. उपवर्गातील क्रिया पुढे येते. नसलेला अंक कोठारात असल्याची नोंद होते. कोणतीही सूचना न देता नोंदवही खोटी ठरली. असे अपघात टळावेत म्हणून सी शार्पसारख्या भाषेत पुनर्व्याख्या करावयाची असल्यास तसे स्पष्ट लिहावे लागते. केवळ नाव जुळले म्हणून ती घडत नाही.

दोन पूर्वज

एका वर्गाला दोन मूळ वर्ग असू शकतात काय? पुस्तकासोबत ध्वनितबकडी जोडलेली असते, तेव्हा ती वस्तू पुस्तकही आहे आणि ध्वनिमुद्रणही. हे दोन्ही वर्ग संग्रहवस्तूचेच उपवर्ग. मग ह्या संयुक्त वस्तूला दाखल क्रमांक एक असावा की दोन? पुस्तकाची मुदत १४ दिवस आणि ध्वनिमुद्रणाची ७ असेल तर तिने कोणती तारीख सांगावी? कागदावर हे नाते काढले तर चौकटच्या पानासारखी आकृती होते.

निरनिराळ्या भाषांनी ह्याची निरनिराळी उत्तरे दिली. सी प्लस प्लसने १९८९ च्या आवृत्तीपासून दोन पूर्वजांना मुभा दिली आणि समान पूर्वजाचा अंश एकदाच घ्यावा की दोनदा, हा निर्णय आज्ञावलीकारावर सोपविला. पायथॉनमध्ये सर्व पूर्वजांचा एक ठरावीक क्रम लावला जातो आणि त्या क्रमाने शोध चालतो. जावाने वर्गाला एकच मूळ वर्ग असावा असे ठरविले. मात्र इंटरफेस नावाच्या वचनपत्रिका कितीही स्वीकारता येतात. आरंभी अशा पत्रिकेत कोणत्या क्रिया केल्या जातील एवढेच लिहिलेले असे. त्या कशा करावयाच्या ते नसे. मालमत्ता आणि वचन ह्या दोन गोष्टी अलग करता येतात, हे ह्या योजनेने उघड केले. २००९ मध्ये जाहीर झालेली गो आणि २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती निघालेली रस्ट ह्या भाषांनी तर वर्गांचा वारसा मुळातच ठेवला नाही.

'आहे' आणि 'जवळ आहे'

मग वारसा घ्यावा केव्हा? जुनी कसोटी भाषेतच सापडते. नियतकालिक ही देय वस्तू आहे, असे निःशंकपणे म्हणता येते. तेथे वारसा शोभतो. चवड ही यादी आहे असे म्हणताना जीभ अडखळते. चवडीजवळ एक यादी आहे असे म्हणणे अधिक खरे. अशा ठिकाणी यादीला पूर्वज न करता आपल्या पोटात ठेवावे, तिच्याकडून हवे तेवढे काम करून घ्यावे आणि बाहेर फक्त चवडीच्या क्रिया दाखवाव्यात. ह्याला संयोग म्हणता येईल. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि आज्ञावलीकारांत अतिशय वाचल्या गेलेल्या 'डिझाइन पॅटर्न्स' ह्या ग्रंथाच्या चार लेखकांनीही, शक्य तेथे वारशापेक्षा संयोग बरा, असाच कौल दिला आहे.

परंतु 'आहे' ही कसोटीही पुरेशी नाही, हे संदर्भग्रंथाने दाखविले. संदर्भग्रंथ ही संग्रहवस्तू निःसंशय होती. तरीही पेटी अडली. कारण प्रश्न वस्तू काय आहे एवढाच नसून, तिच्याकडून इतरांनी काय अपेक्षावे हाही असतो. मूळ वर्ग लिहिणारा एका ठिकाणी, उपवर्ग लिहिणारा दुसऱ्या ठिकाणी आणि त्या दोहोंवर विसंबून आज्ञावली लिहिणारा तिसऱ्याच ठिकाणी असतो. पुष्कळदा ते एकमेकांना कधी भेटलेलेही नसतात. त्यांच्यातील विश्वासाचा एकमेव धागा म्हणजे वर्गाने दिलेले वचन. ओळी वाचविण्यासाठी वारसा घेणाऱ्याने तो धागा प्रथम तपासावा आणि तो आपल्या हातून तुटणार नसेल तरच वारस व्हावे.